फसलेल्याचा दोष

फसवणुकीविषयी नीतिशास्त्रज्ञांनी जे काही लिहिले आहे ते बहुतेक सर्व फसविणाऱ्यास उद्देशून आहे. असत्य का बोलू नये, बोललेच तर ते केव्हा क्षम्य ठरते, इत्यादी प्रश्नांचा ऊहापोह पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत विपुल सापडतो. परंतु जो फसला त्याच्या वर्तनाचा विचार सहसा कोणी करीत नाही. लोक एक तर त्याची कीव करतात, नाही तर त्याला हसतात. आणि कीव व हसू ह्या दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की, त्याच्या हातून अपराध असा काही घडलेला नाही. मूर्खपणा घडला असेल. पण मूर्खपणा म्हणजे पाप नव्हे. हे गृहीत कितपत खरे आहे ह्याचा विचार करण्याची पाळी गेल्या वर्षी माझ्यावर आली. निमित्त झाले ते अंगठ्याएवढ्या एका वस्तूचे. बाजारात तिला 'पेन ड्राइव्ह' म्हणतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. साऱ्या आळीत त्यांना 'बाई' म्हणतात; मीही तसेच म्हणतो. त्यांचे वडील हरिदास होते. १९८० नंतरच्या काही वर्षांत बाईंच्या थोरल्या बंधूंनी वडिलांबरोबर गावोगाव हिंडून त्यांची कीर्तने टेपरेकॉर्डरवर मुद्रित करून ठेविली. दीड-दीड तासाच्या अशा ४० कॅसेटी बाईंच्या माळ्यावर एका पत्र्याच्या ट्रंकेत होत्या. वडील निवर्तले, पुढे बंधूही गेले. मागे राहिला तो एवढा आवाज. ट्रंकेला ओल लागून फितींवर बुरशी धरू लागली, तेव्हा बाई माझ्याकडे आल्या. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवितो. एवढ्यावरून मला संगणकातलेही कळत असेल अशी त्यांची समजूत होती, आणि ती मी खोडून काढली नाही. एका ध्वनिमुद्रणगृहातून मी त्या सर्व कॅसेटी संगणकीय रूपात उतरवून घेतल्या. एकंदर ६० तासांचे मुद्रण; संगणकाच्या मापाने सुमारे ३८ गिगाबाइट.

ते साठविण्यासाठी पेन ड्राइव्ह हवा होता. चारशे-साडेचारशे रुपयांत ६४ गिगाबाइटची नामांकित वस्तू त्या सुमारास दुकानात मिळत होती, आणि माझी गरज तेवढ्यात सहज भागली असती. परंतु एका संकेतस्थळावर तेवढ्याच पैशांत एक टेराबाइटचा, म्हणजे सुमारे सोळापट जागेचा, पेन ड्राइव्ह मला दिसला. हजार मिळत असता चौसष्ट कोण घेतो? मी तो मागविला, सर्व कीर्तने त्यावर उतरविली आणि यादीतले पहिले लावून पाहिले. मंगलाचरण स्वच्छ ऐकू आले. मी बाईंना सांगितले, "आता काळजी नको. त्या कॅसेटी टाकून दिल्यात तरी चालेल." बाईंनी त्या भंगारवाल्यास दिल्या. ध्वनिमुद्रणगृहानेही आपल्याकडील प्रत रिवाजाप्रमाणे महिन्याभरात पुसून टाकली.

वर्षभराने वडिलांच्या पुण्यतिथीस चंद्रहासाचे आख्यान ऐकावे असे बाईंच्या मनात आले. पेन ड्राइव्ह लावताच चाळीसही नावे ओळीने पडद्यावर उमटली. प्रत्येक नावापुढे आकार होता, तारीख होती. यादीत कानामात्रेचा फरक नव्हता. परंतु एकतिसाव्या नावावर कळ दाबली तरी काही वाजेना. बत्तिसावेही वाजेना. शेवटी एकेक करून सर्व पाहिली. पहिली १५ शाबूत होती; सोळाव्यापासून पुढे नावे तेवढी होती, आत काही नव्हते. वस्तूवर 'एक टेराबाइट' असे ठळक छापले होते; तिच्यातली खरी जागा मात्र १६ गिगाबाइटची निघाली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

हे कसे घडते ते समजून घेण्याजोगे आहे. कारण ह्या लबाडीची नैतिक जात तिच्या यंत्ररचनेवरूनच कळते. पेन ड्राइव्हमधील स्मृतीस 'फ्लॅश' असे नाव आहे. जपानातील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका ह्यांनी तिची कल्पना १९८४ मध्ये विद्वानांपुढे मांडली; आज सर्वत्र रूढ असलेला तिचा 'नँड' हा प्रकार १९८७ मध्ये पुढे आला; आणि २००० च्या सुमारास ती खिशात मावणाऱ्या पेन ड्राइव्हच्या रूपाने बाजारात आली. सिलिकनच्या चकतीवर अब्जावधी सूक्ष्म कप्पे असतात; त्यांत विद्युत्कण कोंडून ठेवले जातात, आणि कोणत्या कप्प्यात ते किती आहेत ह्यावरून लिहिलेले पुन्हा वाचता येते. परंतु संगणकाची ह्या कप्प्यांशी प्रत्यक्ष गाठ कधीच पडत नाही. मध्ये एक नियंत्रक चिप असते. तिला कोठाराच्या दारात बसलेला कारकून म्हणावे. संगणक विचारतो, 'जागा किती?' कारकून सांगेल तो आकडा संगणक खरा मानतो. संगणक म्हणतो, 'हे ठेव.' कारकून म्हणतो, 'ठेविले.' ही पोच प्रमाण धरून संगणक पुढच्या कामास लागतो. कोठारात शिरून पाहण्याची सोय त्याला नाही.

नकली वस्तूत ह्या कारकुनास खोटे बोलावयास शिकविलेले असते, एवढेच. सोळाच्या ठिकाणी त्याने हजार सांगावयाचे. जागा भरली की पुढे येणारा माल त्याने एक तर जुन्या मालावर लोटावयाचा, नाही तर बाहेर फेकावयाचा. पोच मात्र दर वेळी बिनचूक द्यावयाची. फायलींची नावनिशी बहुधा कोठाराच्या आरंभीच, म्हणजे खऱ्या जागेत, लिहिली जाते. म्हणून माल गेला तरी यादी जागच्या जागी राहते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे तर जाते फिरल्याचा आवाजही येतो आणि पिठाच्या डब्यावर नावाची चिठ्ठीही लागते.

खऱ्या वस्तूतला कारकूनही सर्वच उघड करीत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी. फ्लॅशचे काही कप्पे मुळातच सदोष निपजतात आणि काही वापराने झिजतात. ते बाजूस सारून त्यांच्या जागी राखीव कप्पे लावणे हे नियंत्रकाचे नेहमीचे कामच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये हाम्बुर्ग येथील संगणकतज्ज्ञांच्या मेळाव्यात अँड्र्यू हुआंग व त्यांचे सहकारी ह्यांनी मेमरी कार्डातील हा कारकून बाहेरच्या माणसाला कसा फितवता येतो ते दाखविले होते. पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, कार्स्टेन नोल व याकोब लेल ह्यांनी असाच फितविलेला पेन ड्राइव्ह आपण कीबोर्ड असल्याची बतावणी करून संगणकास परस्पर हुकूमही सोडू शकतो, हे सिद्ध केले. तात्पर्य, खरा आणि खोटा ह्यांतील भेद दोष झाकण्यात नाही. खरा कारकून दोष झाकतो आणि दिलेले वचन पुरे करतो. खोटा कारकून दोष झाकतो तो वचन मोडता यावे म्हणून.

आता ह्या लबाडीस कोणत्या वर्गात घालावे? कौटिल्याने अर्थशास्त्रात सोनारांचे पाच हरणोपाय सांगितले आहेत. त्यांपैकी एक 'पेटक': आत शिसे आणि वर सोन्याचा पत्रा. प्रथमदर्शनी आपली वस्तू ह्याच जातीची वाटते. परंतु विचारान्ती दोहोंत मोठे अंतर दिसते. मुलाम्याची अंगठी घेणाऱ्याचे जे जाते ते अंगठीच्या किमतीएवढे. खोटे नाणे घेणाऱ्याचे जाते ते नाण्याएवढे. पेन ड्राइव्ह ही अंगठी नव्हे, ती पेटी आहे. तिच्यात जे ठेवू तेच तिच्याबरोबर जाते. माझे बुडाले साडेचारशे रुपये. वस्तू परत करण्याची मुदत कधीच उलटून गेली होती. पण समजा विक्रेत्याने ते पैसे हात जोडून परत केले असते, तरी त्याने बाईंचे काय परत मिळाले असते? नकली कोठाराचा धोका त्याच्या किमतीवरून मोजता येत नाही. तो आपण त्यावर टाकलेल्या विश्वासावरून मोजावा लागतो. त्यात आणखी भर अशी की, ही लबाडी देवघेवीच्या वेळी उघड होत नाही. ठेव मागावयास जावे तेव्हाच ती उघड होते, आणि तोवर मूळ वस्तू बहुधा आपणच निश्चिंत मनाने टाकून दिलेली असते.

म्हणून ह्या व्यवहारास कौटिल्याच्या सोनारापेक्षा धर्मशास्त्रातील 'निक्षेप' हे प्रकरण अधिक जवळचे आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील १८ व्यवहारपदांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेपास, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेल्या ठेवीस, स्थान दिलेले आहे. ठेव परत न करणारा आणि न ठेवताच मागणारा ह्या दोघांनाही तेथे चोरासारखा दंड सांगितला आहे. त्याबरोबरच एक सवलतही आहे: ठेव चोरांनी नेली, पाण्यात वाहून गेली किंवा आगीत जळाली, आणि सांभाळणाऱ्याने तिच्यातून स्वतः काही घेतलेले नसेल, तर ती भरून देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. हे प्रकरण मी वर्गात अनेकदा विवरून सांगितले आहे. स्वतःच्या बचावासाठी ते उघडून बसण्याचा प्रसंग मात्र प्रथमच आला.

बचाव उघड होता. बाईंची ठेव चोराने नेली. मी तिच्यातले काहीच घेतले नाही. सबब मी मोकळा. परंतु हा युक्तिवाद मनात पुरता मांडून होण्यापूर्वीच लंगडू लागला. चोर माझ्या घरात शिरला नव्हता; मीच ती ठेव उचलून चोराच्या घरी नेऊन ठेविली होती. आणि ती तेथे का नेली? ६४ खरे मिळत असता हजार खोटे मला गोड वाटले म्हणून.

यावर कित्येकांचा असा आक्षेप येईल की, हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार झाला. फसलेल्यास दोष देऊ लागलो तर फसविणाऱ्याचे आयतेच फावेल. आक्षेप वजनदार आहे, पण त्याच्या मुळाशी एक चुकीची कल्पना आहे. दोष ही काही भाऊबंदांत वाटून घ्यावयाची जमीन नव्हे, की एकाच्या वाट्यास चार बिघे गेल्यामुळे दुसऱ्याचे चार बिघे कमी व्हावे. विक्रेत्याने जाणूनबुजून खोटा आकडा विकला हा त्याचा अपराध सोळा आणे त्याचाच आहे. माझ्याकडे बोट दाखविल्याने त्यातली एक पैही कमी होत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचा हिशेब वेगळ्या वहीत होतो.

दुसरा आक्षेप अज्ञानाचा. सामान्य माणसास ह्या यंत्राच्या पोटातले कसे कळावे? कळण्यास दोन मार्ग होते. पहिला मार्ग चाचणीचा. वस्तू काठोकाठ ठराविक आकड्यांनी भरावयाची आणि मग ते सर्व आकडे पुन्हा वाचून मूळ आकड्यांशी ताडून पाहावयाचे, असे करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' व 'एफ-थ्री' हे त्यांतले प्रसिद्ध होत. ह्या कामास पुष्कळ तास लागतात, प्रसंगी दिवस लागतो. पण अक्कल फारशी लागत नाही. मीही चाचणी घेतली होती, नाही असे नाही. पण पहिली फीत लावून पाहिली. पहिली फीत वाजणारच होती, कारण ती खऱ्या जागेत होती. उत्तरपत्रिकेचे पहिले पान वाचून गुण देणाऱ्या परीक्षकावर मी तीस वर्षे टीका करीत आलो आहे.

दुसरा मार्ग ह्याहून सोपा, किमतीचा. जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एक निबंध लिहिला. २००१ चे नोबेल पारितोषिक त्याला ज्या कार्याबद्दल मिळाले त्याचा हा निबंध पाया होय. वस्तूची खरी प्रत विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असेल, तर वाईट माल चांगल्या मालास बाजारातून हुसकून लावू शकतो, असे त्यात जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले आहे. पण ह्या सिद्धांताचा आश्रय मला घेता येत नाही. अकरलॉफच्या ग्राहकास चांगली मोटार आणि वाईट मोटार एकाच किमतीस दिसत असतात. त्याच्यापुढे खूण अशी काही नसते. माझ्यापुढे खूण होती. खऱ्या एक टेराबाइटच्या वस्तूस कित्येक हजार रुपये पडतात, हे मी त्याच संध्याकाळी त्याच पडद्यावर वाचले होते. दहा पट स्वस्त वस्तू कोणी का विकावी, हा प्रश्न मला पडला नाही असे नव्हे. तो पडला, आणि मी तो दूर सारला. अज्ञान आणि दुर्लक्ष ह्यांतील सीमारेषा येथे आहे. ज्याला कळले नाही तो अज्ञानी. ज्याला कळत असूनही कळवून घ्यावयाचे नव्हते त्याला दुसरे नाव शोधले पाहिजे. विक्रेत्याने मला फसविले ते माझ्याच साह्याने.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस असा पारखून घेऊ लागलो तर जगातून विश्वास उठेल, आणि विश्वासाशिवाय संसार चालत नाही. ह्याला उत्तर कुंभाराच्या दुकानात मिळेल. मडके घेताना गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते. कुंभार रागावत नाही, किंबहुना तोच ते वाजवून दाखवितो. हा अविश्वास नव्हे. विश्वास कोठे टाकावा हे ठरविण्याची ती रीत आहे. संशयी मनुष्य कितीही वाजविले तरी मडके घेत नाही; पारखी मनुष्य वाजवितो, घेतो, आणि मग निर्धास्तपणे त्यात पाणी भरतो. न वाजविता घेणाऱ्यास आपण विश्वासू म्हणतो ते केवळ सौजन्याने. पुष्कळदा तो आळशी असतो, आणि काही वेळा माझ्यासारखा लोभी.

तरीही मी दोषी आहे की केवळ मूर्ख, ह्याचा निकाल ह्या साऱ्या वादविवादाने लागला नाही. तो बाईंच्या एका साध्या प्रश्नाने लागला. झालेला प्रकार मी त्यांना सांगितला, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचेही काही गेले का हो त्यात, सर?" विचारण्यात टोचणी यत्किंचितही नव्हती, माझे काही नुकसान झाले असेल तर त्याची हळहळ तेवढी होती. मी "नाही" म्हणालो. माझे काही गेलेच नव्हते. माझी व्याख्यानांची टिपणे आणि अर्धवट लिहिलेले पुस्तक दोन वेगळ्या डिस्कांवर आहे. एक माझ्या कपाटात असते, एक मुलीच्या घरी. दोन्ही मी पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या आहेत.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १५१ व्या कलमात दुसऱ्याची वस्तू हवाली घेणाऱ्याने किती काळजी घ्यावी ह्याचे माप दिले आहे. सामान्य विवेकाचा माणूस त्याच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी. कायदा अतिमानुष दक्षता मागत नाही, की यंत्रशास्त्राचे ज्ञान मागत नाही. तो एवढेच विचारतो की, हे तुझे असते तर तू काय केले असतेस? माझे असते तर मी काय केले असते ह्याची साक्ष माझ्या कपाटातच होती. बाईंनी हा कायदा वाचलेला नाही. पण त्यांचा प्रश्न आणि कायद्याचा प्रश्न एकच होता.

ह्यावरून मला जो निष्कर्ष निघतोसा वाटतो तो असा. फसलेल्यास सरसकट निर्दोष मानणे जितके चूक, तितकेच त्याला सरसकट दोष देणेही चूक. आपल्या स्वतःच्या वस्तूपुरते जो फसतो तो फार तर मूर्ख. त्या मूर्खपणाची किंमत तोच भरतो, आणि हिशेब तेथे मिटतो. परंतु दुसऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू जो हाती घेतो त्याला फसण्याची मोकळीक तेवढी राहत नाही. ज्या परीक्षेत आपली वस्तू उतरविल्याशिवाय आपल्याला चैन पडले नसते ती परीक्षा दुसऱ्याच्या वस्तूच्या वेळी टाळणे हा दोष होय. तो फसविणाऱ्याच्या अपराधाहून फार लहान आहे. पण तो आहे. आणि आपल्या सर्वांकडेच कोणाची ना कोणाची ठेव असते. आईबापांची कागदपत्रे, मुलांची छायाचित्रे, मित्राचे हस्तलिखित, विद्यार्थ्याचा प्रबंध. हे सारे आता अशाच अंगठ्याएवढ्या पेट्यांत जाऊन बसले आहे. पेटीवरील आकडा वाचून समाधान मानण्यापूर्वी ती एकदा वाजवून पाहावी. मूळ वस्तू टाकण्याची घाई करू नये. एका प्रतीस प्रत म्हणू नये. आणि वर्षाकाठी एकदा तरी ठेव उघडून शेवटपर्यंत तपासावी, कारण खऱ्या पेटीतले विद्युत्कणही कालांतराने पाझरून जातात.

उरलेल्या १५ कीर्तनांच्या मी तीन प्रती केल्या आहेत. तिन्ही डिस्का काठोकाठ भरून, पुन्हा वाचून पाहिल्या, आणि एक बाईंच्या स्वाधीन केली. गेलेल्या २५ ची भरपाई माझ्याकडून होणे नाही. बाईंच्या वागण्यात काही फरक पडलेला नाही. यंदाच्या पुण्यतिथीसही त्यांनी मला प्रसादाला बोलाविले. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर, मला वाटते, हा लेख लिहिण्याची गरज मला भासली नसती.